एकोणिसावी चाल

डाव संपला की दोघांनी मिळून तो पुन्हा लावून बघायचा, ही बुद्धिबळातली जुनी रीत. घटस्फोटानंतर पहिल्यांदाच आम्ही एकमेकांसमोर बसलो होतो. तो हरला होता, तरी रीत मोडणाऱ्यातला नव्हता.

"इथे, एकोणिसाव्या चालीला, मी घोड्याचा बळी दिला," म्हणत त्याने माझ्या राजाशेजारचं प्यादं उचललं आणि तिथे घोडा ठेवला.

घोड्याची ही चाल तपासण्यात आम्ही लग्नानंतरचा अख्खा उन्हाळा घालवला होता. तेव्हा पडताळायला कॉम्प्युटर नव्हते. 'याला उत्तर नाही,' असं त्याने वहीत लाल शाईने लिहून ठेवलं होतं. ग्रँडमास्टर झाल्यावरही ती चाल त्याने जपली, कुणावर वापरली नाही, पुढे कॉम्प्युटर आले तरी त्यांनाही दाखवली नाही. आज काढली ती माझ्यावर.

"तू अडतीस मिनिटं घेतलीस आणि हत्ती फक्त एक घर मागे नेलास." तो पटावरून नजर हलवत नव्हता. "एवढं साधं उत्तर. आपल्याला तेव्हा कसं दिसलं नाही? तुला आज कितव्या मिनिटाला दिसलं?"

मी मोहरे डब्यात भरायला लागले.

"अडतीस मिनिटं, ते उत्तर खेळू की नको, यातच गेली. उत्तर मला त्याच उन्हाळ्यात दिसलं होतं. चाल सापडली म्हणून तू पेढे आणायला गेलास ना, तेव्हा."

त्याचा हात घोड्यावर तसाच राहिला.

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू शिट्टी वाजवत जिना चढत होतास."