वर्षभर वापरलेले बूट

वाढदिवसाला आई बाळसाठी दरवर्षीसारखे नवे बूट घेऊन आली. चाळिशीचा बाळ गतिमंदांच्या या निवासी संस्थेत तीन वर्षं राहत होता. “आई, पायाला भिंगरी आहे तुमच्या लेकाच्या. रोज दोनदा बागेत फिरवतो आम्ही,” अधीक्षकबाई कौतुकानं म्हणाल्या. आईचा जीव भांड्यात पडला. तिनं वाकून गेल्या वाढदिवसाचे बूट त्याच्या पायातून काढले. तळाला चिकटलेली दुकानाची लेबलं अजून कोरी करकरीत होती. मोज्याखाली घोट्याभोवती पट्ट्याचा काळानिळा वळ होता. “घरी?” बाळनं विचारलं. अधीक्षकबाईंनी अभिप्रायाची वही पुढे सरकवली. “तक्रार असेल तर लिहा. हवं तर आजच घेऊन जा त्याला.” आईला दार अडवून उभी राहिलेली सून आठवली. तिनं लिहिलं, ‘समाधानी’. मग नवे बूट त्याच्या पायात चढवण्याआधी तिनं तळांवरची दोन्ही लेबलं आठवणीनं नखानं खरवडून काढली.