दुसऱ्या अंगाचा दोर

पाळण्याचा दोर तुळईला जिथं घासतो, नेमक्या त्या जागी कृष्णातची बोटं चालली होती. तो बाजेवर उभा. खाली अंजना, मांडीवर पेंगुळलेली लेक.

नागपंचमी उलटली होती. पावसाळ्यात गलबतं किनाऱ्याला ओढून ठेवतात, तेवढेच महिने खलाशी कृष्णात शिराळ्याच्या घरात असायचा. नारळी पुनवंनंतर शिडं पुन्हा चढतात. यंदा मात्र, "न्हाई जात, साखर कारखान्यात चिकटतो," असं तो म्हणाला होता. एकदाच. तेव्हापासून अंजना ते शब्द उशाशी घेऊन निजत होती.

दोराच्या पिळातल्या खाचांत त्यानं सुतळी बसवली. तिच्यावर तेलात भिजलेली चिंधी, पिळाच्या अंगानं. चिंधीवर बारीक दोरी, उलट्या अंगानं, वेढ्याला वेढा चिकटून. दर वेढ्याला तो दोरी ताणायचा अन् डोळे मिटायचा. दाराबाहेर ऊस वाऱ्यानं झुकत होता, उठत होता. अंजनाला वाटलं, घरच सुटलंय, हळूहळू चाललंय, अन् हा वर डोलकाठीशी उभा आहे.

"आवं, पोर वरीसभर झोपंल ह्यात. एवढं कशाला?"

"गलबतावर असंच करत्यात. उघडा दोर लाकडाला घासला की संपला." त्यानं वेढ्यांवरून अंगठा फिरवला. "आता धा वर्सं बघाय नगं."

"धा वर्सं? मग दरसाल एक निजवू का काय?"

"निजव की!" तो हसला.

अंजना हसली नाही. "धनी घरात असला की नुसतं फडकं पुरतं. झिजलं की बदलायचं."

तो बाज सरकवून दुसऱ्या दोराखाली गेला, खाचेत सुतळी धरली. बोटं मात्र चालेनात.

अंजना उठली. लेकीला पाळण्यात घातलं, सुतळीचा गुंडा त्याच्या हातातून काढून कमरेला खोचला.

"ह्यो राहू द्या तसाच."

"अगं, तुटंल की कवातरी!"

"मग तुटायच्या आदी माघारी या."

तिनं पाळण्याला हात लावला. एका अंगाला चिडीचूप होतं. दुसऱ्या अंगाला उघडा दोर तुळईवर करकरत राहिला, अन् कृष्णात रिकाम्या हातांनी ऐकत उभा राहिला.