मुळांची वीण

बंद पडलेल्या तांब्याच्या खाणीखाली एक तळं होतं. बूगनव्हिल बेटावरच्या बायकांनी त्यात जलपर्णी सोडली होती. तिची मुळं पाण्यातलं विष शोषून घेत. कुजण्याआधी उपटली नाहीत, तर ते विष पुन्हा पाण्यात उतरे.

त्या सकाळी थिओनिलाला एक रोप काही केल्या उपटेना. वाकून पाहिलं, तर मुळं टोपलीसारखी घट्ट विणलेली.

"मावशी, ही थट्टा तुझीच ना?"

"मला मेलीला एवढी सवड कुठली?" काठावरून पेर्पेतुआ म्हणाली. "उपट लवकर. पोरं खालच्या ओढ्याचंच पाणी पितात."

थिओनिलाने पाण्यात हात घालून वीण सोडवायला घेतली. एक पेड सुटला. खालून कुणीतरी तो सावकाश पुन्हा विणला, आणि या खेपेला त्यात तिची करंगळीही घेतली.