कच्चा कागद

“कागदावरचं कुणी तपासणार नाही, उत्तरं संगणकावर टाइपच करायची,” गणिताचा मास्तर टाइस्तो (आमच्याकडे मास्तरांनाही नावानं, अरे-तुरेच करतात) वर्षभर कोकलत होता. तरी बोर्डाच्या परीक्षेत मी सगळा पेपर आधी कच्च्या कागदावर सोडवला. मग टाइप करायला बसले, तर वर्गमुळाचं चिन्ह टाकलं की अपूर्णांक बाहेर पडे, अपूर्णांक आत ढकलला की घात खाली घसरे. वेळ संपली तेव्हा पडद्यावर दीड गणित होतं. “टाइस्तो, कागद बघ ना! सगळं सोडवलंय.” “आता कशाला रडतेस? मी सांगायचो तेव्हा दात काढत होतीस.” “तुला आनंदच झालाय!” पास झाल्यावर घालायची पांढरी टोपी आईनं केव्हाच आणून ठेवली होती. कच्चे कागद यंत्रात घालून फाडायचे, असा नियम. टाइस्तोनं चष्मा लावला, माझा कागद ओळ न् ओळ वाचला. “पैकीच्या पैकी,” म्हणाला आणि कागद यंत्रात सारला.