युरियाचं मलम

उमापूरच्या उत्तरेश्वरमामांच्या पाठीची कातडी भेगाळली होती आणि खाज काही झोपू देत नव्हती. डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं आणि समजावूनही सांगितलं, "यात युरिया आहे, मामा. तो पाणी ओढून घेतो आणि कातडीत धरून ठेवतो." युरियाचं नाव ऐकलं आणि मामांना दवाखाना एकदम घरचा वाटू लागला.

महिन्यानं ते परत आले. पाठ होती तशीच होती. टाचा मात्र लोण्यासारख्या मऊ झाल्या होत्या.

"मलम लावता कुठं?"

"पायाला."

"अहो, खाज पाठीला आहे ना?"

"युरिया शेंड्याला कोन टाकतं, मॅडम? बुडाला द्यायचा. वर त्याचा तो चढतो."

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. "पिकात चढतो मामा, माणसात नाही. खाजतं तिथंच लावायचं. हात पुरत नसेल तर घरातल्या कुणाला तरी सांगा."

"बरं," मामा म्हणाले आणि नवी ट्यूब खिशात टाकून निघाले.

घरी आल्यावर त्यांनी डॉक्टरीणबाईंचा शब्द तंतोतंत पाळला. सदरा काढला, दाराच्या चौकटीला मलम फासलं आणि तिला पाठ टेकून उभे राहिले. घरात सांगण्यासारखी तेवढी एकच उरली होती.

"जरा वर," मामा म्हणाले, आणि स्वतःच गुडघ्यात थोडे वाकले.