सुंठीचा काढा

शलाकाने अंगठा टेकवला, तरी औषधाची डबी उघडली नाही.

"तुमच्या रक्तात आधीच पॅरासिटामॉल आहे," डबी म्हणाली. "अर्धशिशीच्या गोळीतही तेच असतं. दोन्ही मिळून यकृताला धोका."

"अगं, मी आज एकही गोळी घेतलेली नाही!" शलाका डोकं दाबत कळवळली.

सकाळी घेतला होता तो फक्त सासूबाईंचा सुंठीचा काढा. कधी नव्हे ती एवढी माया महिनाभर का उतू जात होती? तिने रिकामा पेला हुंगला.

"आई, खरं सांगा. काढ्यात काय घालता?"

सासूबाई भिंतीला धरून लंगडत आल्या.

"माझी गुडघ्याची गोळी. तुला ती मेली डबी डोकेदुखीची गोळी आठवड्यातून दोनदाच देते. माझी मला रोज देते."

"आणि तुमचा गुडघा?"

"त्याला कुठे ऑफिसला जायचंय?"