चुळबुळा कागद

कॅमेरा नको, अंधार नको; रसायनात बुडवलेला हात फोटोच्या कागदावर दाबला की काळाभोर ठसा उमटतो, हे फोटोग्राफरचं नवं खूळ. पण जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेल्या त्याच्या बाबांचा ठसा तिसऱ्यांदा फिसकटला. “हात गेला रे माझा,” म्हणत बाबांनी थरथरता हात खिशात कोंबला. “कागदच चुळबुळ करतोय, बाबा. शेवटचं एकदा.” या वेळी त्यानं बाबांच्या पंजावर स्वतःचा ओला पंजा घट्ट दाबला आणि बोटांची टोकं मुद्दाम कागदावर वळवळवली. बाबांचा पंजा रेखीव उमटला. भोवती मुलाचीच बोटं फरफटलेली. बाबा खुदकन हसले. “गाढवा, हात तुझाच हलतोय की. आण नवा कागद, तुझा मी धरतो.” बाबांचा हात त्याच्या हातावर घट्ट बसला. आता मात्र त्याचा हात खरोखरच थरथरायला लागला.